रात्री दोनला पाणी येतं, तेव्हा दार कोण वाजवतं?

सोलापुरातल्या एका शिक्षिकेने पहिल्या कादंबरीचं हस्तलिखित पाठवून प्रश्न विचारला आहे. तो आधी थोडक्यात सांगते. नायिका सरोज, वय बत्तीस, ख्रिस्ती, दवाखान्यात नर्स. नवरा चादरीच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, होता. दोन वर्षांपूर्वी रेल्वे रुळावर त्याचं प्रेत सापडलं आणि अपघात म्हणून प्रकरण मिटलं. ती विधवा सासूबरोबर राहते. मग धमकीच्या चिठ्ठ्या येऊ लागतात, एक तरुण फौजदार तपासाला येतो, दोघांचं जुळतं, खुनी म्हणून दीर पकडला जातो आणि सरोजचा देवावरचा विश्वास परत येतो. वाचणाऱ्या दोघा-तिघांनी एकच शेरा दिला: अर्धं पुस्तक उपदेश, अर्धं पोलीस तपास, आणि दोन्ही अर्ध्यांची एकमेकांशी ओळखच नाही. तर हे सांधायचं कसं, आणि शेवटी लग्न दाखवायचं की नाही?

बाई, हस्तलिखित दोनदा वाचलं. तीस-बत्तीस वर्षं लोकांच्या कादंबऱ्या दुरुस्त करण्यात गेली, त्यामुळे पहिल्यांदा वाचताना हातात पेन्सिल असते. दुसऱ्यांदा ती मुद्दाम ठेवून दिली. शेरा बरोबर आहे. पण त्यावरचा तुमचा इलाज, म्हणजे उपदेश थोडा कमी करून पाठलाग थोडा वाढवणं, चुकीचा आहे. चवीचा हिशेब असा घालता येत नाही.

इंग्रजीत या प्रकाराचं मोठं दुकान आहे. दुःखात बुडालेली नायिका, तिच्या जिवावरचा धोका, तिला वाचवणारा आणि स्वतःही कुठेतरी मोडलेला पुरुष, आणि शेवटी दोघांची प्रार्थना असा साचा तिथे ठरलेला आहे. तुम्ही तो उचललात, यात गैर काही नाही. पण आपल्या भाषेत जे आयतं पडून आहे ते उचललं नाहीत. इंग्रजीत माणसावरचा संशय आणि देवाविषयीचा संशय यांना वेगळे शब्द लागतात. माणसावरचा विश्वास आणि देवावरचा विश्वास यांनाही वेगळे. मराठीत दोन्हीकडे संशय तो संशय आणि विश्वास तो विश्वास. आपल्या उपासनेत ‘विश्वास’ म्हणतात तो आणि किराणा दुकानदार उधारी देताना ‘विश्वासावर देतोय’ म्हणतो तो, शब्द एकच. म्हणजे तुमची रहस्यकथा आणि तुमची धर्मकथा हे एकाच बाईच्या मनातलं एकच दुखणं आहे. नवरा गेल्यापासून सरोजला कुणाचंच खरं वाटत नाही: पोलिसांचं नाही, दिराचं नाही, चर्चच्या पाळकांचं नाही, देवाचं नाही. हे एकदा धरलंत की वेगळा उपदेश लागणार नाही आणि वेगळा तपासही लागणार नाही.

फक्त एक पथ्य. दोन्ही संशय एकाच प्रकरणात फेडू नका. तुमच्या एकोणिसाव्या प्रकरणात दिराला बेड्या पडतात आणि त्याच पानावर सरोज गुडघे टेकून ‘प्रभू, आता मला कळलं’ म्हणते. काय कळलं? कुणी मारलं ते कळलं. का मरू दिलं, ते कुठे कळलं? पहिल्या प्रश्नाला पंचनामा आहे, जबाब आहे, आरोपपत्र आहे. दुसऱ्याला यातलं काहीच नाही, आणि तुमचं पुस्तक जिवंत राहणार असेल तर ते त्या दुसऱ्या प्रश्नाच्या उघड्या तोंडामुळे राहील. मार्था येशूला काय म्हणते आठवा. तो आल्याबरोबर तिचं पहिलं वाक्य तक्रारीचं आहे: तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. मागून तिची बहीण मरियाही येऊन तेच म्हणते. तो मेलेला भाऊ, लाजर, उठतो खरा, पण त्या आधी येशू रडतो, आणि या तक्रारीसाठी तो दोघींपैकी कुणालाच रागावत नाही. स्तोत्रसंहितेतलं ८८वं स्तोत्र काढून बघा. बाकीची विलापस्तोत्रं बहुतेक शेवटी वळण घेऊन स्तुतीवर येतात, हे अंधारातच संपतं. ज्यांनी शास्त्रात ते राहू दिलं त्यांना ते खटकलं नाही. तुम्हालाही खटकायला नको.

माझे यजमान गेले तेव्हाचं सांगते, कारण तुमच्या तिसऱ्या प्रकरणाचा हा इलाज आहे. पहिल्या आठवड्यात घर भरलेलं होतं. प्रत्येक जण एक वचन घेऊन यायचा, आणि दर दुसऱ्याचं वचन एकच: देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. वचन खरंच आहे. पण ते ऐकून मला कुठेतरी निघून जावंसं वाटायचं. आमच्या मागच्या वाड्यात एक तेलुगू बाई राहायच्या, विड्या वळायच्या. त्यांना मराठी बेताची, मला तेलुगू शून्य. त्या वेळी पाणी चार दिवसांआड यायचं, तेही रात्री. त्या बाई न बोलावता आल्या, माझे दोन्ही पिंप आणि सगळे हंडे भरले आणि गेल्या. पुढच्या पाळीला पुन्हा आल्या. त्याच्या पुढच्यालाही. चौथ्या पाळीला मी नळी माझ्या हातात घेतली, तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली आणि यायचं थांबवलं. शास्त्रातल्या त्या सगळं गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांनी आयुष्यात एकच गोष्ट बरोबर केली: सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं.

तुमच्या तिसऱ्या प्रकरणात सांत्वनाला आलेल्या माणसांची पाच पानी भाषणं आहेत. ती काढून तिथे पाणी आणा. सोलापूरच्या वाचकाला रात्री दोन वाजता नळाला येणारी ती पहिली हवा, तो फुसफुस आवाज सांगावा लागत नाही. तो झोपेतून उठून बसतो. आणि रहस्यासाठी याहून चांगली वेळ कुठली? गल्लीतल्या बायका जाग्या, पुरुष झोपलेले, दारं उघडी, पाण्याच्या मोटारींची घरघर, त्यात कुणी हाक मारली तरी ऐकू येणार नाही. धमकीची चिठ्ठी तुम्ही दुपारी दाराखालून सरकवली आहे. ती रात्री पाण्याच्या वेळी येऊ द्या. मग चिठ्ठी टाकणाऱ्याला गल्लीची पाळी ठाऊक आहे, म्हणजे तो बाहेरचा नाही, हे वाचकाला तुम्ही न सांगता कळेल.

खरं तर चिठ्ठ्याच काढा. धोका बाहेरून आणू नका, दुःखातूनच उगवू द्या. तुमच्या पहिल्या प्रकरणात एक सोन्यासारखी ओळ आहे आणि तुम्ही तिच्याकडे पाहिलंच नाही: सरोज नवऱ्याच्या मोबाइलचं रिचार्ज दर महिन्याला करते. का करते, याचं उत्तर तिच्याकडेही नाही. आता असं धरा की सासूच्या आजारपणात दोन-तीन महिने ते राहून गेलं. बंद पडलेला नंबर कंपनी काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला देते, हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणाच्या लक्षात नसतं. आणि एका रात्री, पाणी भरताना, तिच्या फोनवर नवऱ्याचं नाव वाजतं. आता सांगा, त्यापुढे कुठल्या धमकीची गरज आहे? तिला भीती वाटते, तिला आशा वाटते, आणि तिला लाज वाटते की रिचार्ज चुकलं. तिन्ही एकाच ठोक्यात. पलीकडचा माणूस निरुपद्रवी निघो, एखादं नुकतंच शहरात आलेलं पोर असो, ज्याला या नंबरवर रोज परक्या माणसांचे फोन येतात. त्या फोनांतला एक फोन दिराच्या जुन्या साथीदाराचा असो. झाला तुमचा तपास सुरू. आणि ते पोर पुढे सरोजच्या घरी जेवायला येऊ लागलं तर आश्चर्य नाही.

फौजदाराबद्दल. तो चांगला आहे, पण फार बोलतो, आणि पिस्तूल हातात असताना वचनं म्हणतो. तुमचा परिच्छेद:

‘घाबरू नकोस सरोज,’ तो तिच्या डोळ्यांत पाहत म्हणाला. ‘प्रभू आपला मेंढपाळ आहे. मीही कधीकाळी विश्वासापासून दूर गेलो होतो, पण त्याने मला परत आणलं. तुलाही आणेल.’ तिच्या डोळ्यांतून अश्रू ओघळले.

हे तुमच्या दुसऱ्या प्रकरणात आहे. सोलापुरातला फौजदार तक्रारदार बाईला दुसऱ्या भेटीत ‘तू’ म्हणणार नाही. तो ‘ताई’ म्हणेल. सगळ्यांनाच म्हणतो. मराठीत प्रेमकथा लिहिणाऱ्याच्या हातात हे केवढं हत्यार आहे! ‘ताई’, मग ‘मॅडम’, मग नुसतं ‘तुम्ही’, आणि शेवटी एका वाक्यात घसरलेलं ‘तू’. मी तोच प्रसंग असा लिहिला असता:

‘ताई, जबाबावर सही राहिली तुमची.’ त्याने कागद पुढे केला. तिने सही केली आणि पेन त्याच्याकडे न देता टेबलावर ठेवलं. ‘आधीच्या साहेबांनीपण सही घेतली होती,’ ती म्हणाली. तो गप्प राहिला. मग कागद पुन्हा स्वतःकडे ओढून त्याने पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली, मोठ्याने, शब्द न् शब्द, तिने सांगितलेलं सगळं तसंच आहे का ते बघत. अर्ध्यावर आल्यावर त्याने विचारलं, ‘हे बरोबर आहे का?’ पुढे ताई म्हणायचं राहून गेलं.

त्याच्या जुन्या जखमेचं काय, असं तुम्ही विचाराल. ती पंधराव्या प्रकरणापर्यंत थांबू द्या. आणि तो देवळात, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, नियमित येतो, मागच्या बाकावर बसतो, प्रभुभोजनाला मात्र पुढे जात नाही, एवढंच सरोजला एकदा दिसू द्या. आपल्या समाजातल्या वाचकाला यात अख्खं प्रकरण कळेल, बाहेरच्या वाचकाला कुतूहल वाटेल. दोघांचंही भलं.

कायद्याच्या चुका भराभर सांगते, कारण रहस्यकथेचा वाचक प्रेमातलं खोटं माफ करतो, कागदातलं करत नाही. रुळावर सापडलेल्या प्रेताचा पंचनामा लोहमार्ग पोलिसांकडे जातो. तुमचा नायक शहर आयुक्तालयातला आहे, त्यामुळे जुने कागद तो उठून आणू शकणार नाही. मागवावे लागतील, अडतील, आणि ते अडणं तुम्हाला फुकटचं रहस्य देईल. मृत्यू १ जुलै २०२४ च्या आधीचा असेल तर खुनाचं कलम ३०२च राहील, नंतरचा असेल तर नव्या संहितेतलं १०३. तुमच्या हस्तलिखितात दोन्ही आहेत. आणि तक्रारदार बाईच्या प्रेमात पडल्यावर त्याच फौजदाराकडे तपास राहणं बरं नाही. त्याने तो स्वतः सोडून द्यावा. प्रेमाची कबुली देण्याची याहून चांगली जागा मला तरी दिसत नाही: ‘मी हा तपास दुसऱ्यांकडे द्यायला सांगितलाय.’ ‘का?’ आणि तो उत्तर देत नाही.

वारसाहक्कावर मात्र थांबायला हवं, कारण तिथेच तुमच्या कादंबरीचा कणा आहे आणि तुम्ही तो मोडून ठेवलाय. तुम्ही लिहिलंय की नवरा मेल्यावर घर आपोआप दिराकडे जाणार होतं, म्हणून त्याने खून केला. नाही जाणार. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला तर १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो, हिंदू वारसा कायदा नाही. मूलबाळ नसेल आणि रक्ताचे नातेवाईक असतील, तर विधवेला निम्मं मिळतं. उरलेलं निम्मं, वडील हयात नसतील तर, आई आणि भावंडांत समान. तुमच्या कथेत भावंड एकच. म्हणजे घराचे आठ आणे सरोजचे, चार आणे सासूचे, चार आणे दिराचे. आता हे आकडे नीट बघा. दोन बायका एकत्र राहिल्या तर बारा आणे त्यांच्याकडे. सासूला दिराने आपल्याकडे ओढलं तर तो बरोबरीत येतो. म्हणजे त्याला सरोजला मारायची गरजच नाही. त्याला सासू-सून तोडायच्या आहेत. ‘ती नर्स आहे, रात्रपाळी करते, फौजदार घरी येतो, लोक काय म्हणतात,’ एवढंच त्याने आईच्या कानात रोज घालायचं. तुमच्या पुस्तकातला सगळ्यात मोठा धोका असा स्वयंपाकघरात येऊन बसतो. वाचक आता गोळीला घाबरणार नाही; सासू कधी तरी पिशवी भरून दिराकडे निघेल, या धास्तीने तो पान उलटेल.

इथे तुम्हाला रूथ आठवली असणार, कारण तुम्ही पुस्तकाच्या सुरुवातीला तिचंच वचन छापलंय. मग तिच्याकडून नीट उसनं घ्या. रूथच्या गोष्टीत तीन विधवा आहेत, सासू नामी आणि तिच्या दोन सुना, आणि कुणी कुणाला उपदेश करत नाही. नामी तर पुन्हा पुन्हा ‘परत जा’ म्हणते. गावात आल्यावर बायकांना सांगते, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा, म्हणजे कडू. रूथ शेजारीच उभी आहे, सगळं सोडून तिच्याबरोबर आलेली, आणि ही सगळ्यांसमोर म्हणते मी रिकाम्या हाताने आले! सुनेला काय वाटलं असेल? ते शास्त्रात नाही. ते लिहिणं तुमचं काम. आणि रहस्य म्हणाल तर खळ्यावरची ती मध्यरात्र घ्या. शेताचा मालक बवाज दचकून जागा होतो, पायाशी कुणीतरी बाई, अंधारात चेहरा दिसत नाही, आणि तो विचारतो, ‘तू कोण?’ मंगळवेढ्याकडची ज्वारीची खळी ज्यांनी पाहिली आहेत त्यांना त्या रात्रीची थंडी आणि कडब्याचा वास कळेल. दुःख, विश्वास, प्रेम, धोका आणि रक्ताबाहेरचं नातं, सगळं चार छोट्या अध्यायांत.

मराठीतही ही वाट नवी नाही. पहिली मराठी कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालची, आणि तिचा विषय विधवा हाच. तिच्यात वादविवाद गोष्टीच्या मानगुटीवर बसतात. त्या काळी ते चाललं, तुमचं चालणार नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मात्र रोज एक पान वाचा. त्यांचे यजमान, कवी ना. वा. टिळक, यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा या मागे राहिल्या, माहेरच्या माणसांत, रडून रडून. आणि ते सगळं सांगताना बाई विनोद करतात. देवाबद्दल मोठ्याने बोलत नाहीत, म्हणून त्यांचं खरं वाटतं.

निवडलेल्या, म्हणजे रक्ताबाहेरच्या माणसांच्या, कुटुंबाबद्दल माझं तुमच्याशी खरं भांडण आहे. तुमच्याकडे माणसं सुरेख जमली आहेत. तेलुगू अक्का, मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी. रिक्षावाले चाचा, जे सरोजला रात्रपाळीहून आणतात आणि पैसे महिन्याने घेतात. आणि एक अनाथ पोर. सोलापूरच्या एका गल्लीत मराठी, तेलुगू, कानडी आणि दख्खनी एका नळावर ऐकू येतात, हे तुम्ही कानाने लिहिलंय, मला फार आवडलं. आणि मग शेवटच्या प्रकरणात अक्का आणि चाचा दोघंही बाप्तिस्मा घेतात! का हो? त्यांनी पाणी भरलं, रात्री आणलं-नेलं, त्याची किंमत वसूल केल्यासारखं झालं ते. रूथने ‘तुमचा देव तो माझा देव’ म्हटलं ते तिच्या तोंडाने, रस्त्यात, कुणी मागितलेलं नसताना. मागून मिळालेलं तसलं वाक्य कथेत नासतं. अक्का मार्कंडेयाच्या देवळातच जाऊ देत, चाचा नमाजाला. नाताळच्या आदल्या रात्री गाणारी पोरं गल्लीत आली की अक्का करंज्यांचा डबा घेऊन बाहेर उभी असावी, तेवढं पुरे.

पोराचं दत्तकही दुरुस्त करा. वकिलाने एका कागदावर करून दिलं, असं होत नाही. १९५६ च्या दत्तक कायद्यात ख्रिस्ती बसत नाहीत. पूर्वी १८९० च्या कायद्याखाली फक्त पालकत्व मिळायचं, म्हणजे मूल सांभाळायचं पण कायद्याने आई नाही. आता बालन्याय कायद्याखाली कुठल्याही धर्माच्या माणसाला दत्तक घेता येतं, एकट्या बाईलाही, पण बाल कल्याण समिती, नोंदणी, प्रतीक्षा आणि जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश या वाटेने. दारात आलेलं पोर आवडलं म्हणून तेच मिळेल अशी खात्री नाही. ही अनिश्चितता कथेत ठेवा. आमच्या सोलापूर गाडीच्या वाटेवर केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंनी तिथे शेकडो अनाथ मुली-बायकांचं घर उभं केलं. आईबाप, बहीण, भाऊ, मग नवरा, अशी माणसं एकामागून एक गमावलेली ती बाई. १९२१ मध्ये मुलगी मनोरमाही गेली. लोक तिची गोष्ट विजयाची म्हणून सांगतात. मला गाडी केडगावला थांबली की ते शेवटचं वर्ष आठवतं.

आता आठवं प्रकरण, पुरावा. दोन वर्षांनी झुडपात सापडलेली रक्ताची चादर कृपा करून काढा. आणि हो, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या, जत्रेतला पाठलागही. सोलापूरवरच्या दर तिसऱ्या हस्तलिखितात खुनी नंदीध्वजांच्या गर्दीत पळतो. बिचाऱ्याला दुसरी वाट माहीत नाही. पण चादर ठेवा. नवरा जॉबर होता ना? मग माग बिघडला की दुरुस्त करणारा तोच. जकार्डच्या मागावर नक्षी येते ती भोकं पाडलेल्या कार्डांच्या माळेवरून. एक कार्ड म्हणजे आडव्या धाग्याची एक ओळ. एका कार्डाला एक भोक चुकीचं पडलं तर एक नको तो धागा उचलला जातो, आणि नक्षी जितक्यांदा फिरून येईल तितक्यांदा तीच चूक तिथेच येते. समजा, मेला त्या संध्याकाळी त्याने फाटलेलं एक कार्ड बदललं आणि घाईत एक भोक चुकलं. सकाळी मालकाच्या लक्षात आलं, कार्ड काढलं. म्हणजे ती चूक असलेल्या चादरी फक्त त्या एका रात्रीच्या. आणि दिराचा जबाब आहे की त्या रात्री माग बंद होता, तो कामावर नव्हताच.

तसली एक सेकंडची, म्हणजे दोष निघालेली, चादर कुठे आहे? सासूच्या अंगावर. दुसऱ्या दिवशी प्रेताची वाट बघताना तिला हुडहुडी भरली, तेव्हा धाकट्या मुलाने पिशवीतून नवी चादर काढून तिच्या खांद्यावर टाकली. दोन वर्षं ती तीच पांघरते. मोराच्या मानेपाशी एक धागा चुकलाय, तिचं बोट झोपेतही त्यावर फिरतं. चादर कारखान्यातली आहे हे कुणीही सांगेल. ती घरात कोणत्या दिवशी आली, हे फक्त ती म्हातारी सांगू शकते. तिने नाही सांगितलं तर खटला उभा राहत नाही. सांगितलं तर तिचा उरलेला मुलगा जातो.

पाहिलंत ना, कळस कुठे सरकला? तुमचा नायक पिस्तूल घेऊन गोदामात शिरतो तिथे तो नाही. तो एका बाकावर आहे. उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, दुपारचे बारा ते तीन, एप्रिलचं सोलापूर, पंखे गरम हवा ढवळतायत, वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर एकामागून एक मनन चाललंय. सासूच्या एका बाजूला सरोज, दुसऱ्या बाजूला दीर. पहिला उद्गार क्षमेचा. म्हातारीला वाटतं, सुटले, गप्प राहायची परवानगी मिळाली. मग तिसरा येतो, येशू आईला दुसऱ्याच्या हवाली करतो तो. त्यावर पाळक काय बोलले ते एक अक्षर लिहू नका. तिचा हात लिहा. तो कुठे होता आणि कुठे गेला, एवढंच. बाहेर पडल्यावर ती दिराच्या स्कूटरवर बसत नाही. ‘पोरी, चालत जाऊ,’ म्हणते, त्या उन्हात. आणि सरोज विचारते, ‘आत्या, बरं वाटत नाही का?’

क्षमेचा प्रश्न तिथे सोडवू नका. म्हातारी पुढे दर महिन्याला तुरुंगात मुलाला भेटायला जाऊ शकते, शेंगाचटणीची पुडी घेऊन, जी आत घेऊ देत नाहीत. चाचा तिला सोडतात, बाहेर थांबतात. सरोज एकदाही बरोबर जात नाही, आणि सासूही तिला चल म्हणत नाही. हे असंच राहू दे. वाचणाऱ्यांपैकी कुणीतरी नक्की म्हणेल की ख्रिस्ती कादंबरीत नायिकेने खुन्याला क्षमा केलीच पाहिजे. सांगा त्यांना की अजून वेळ आहे.

राहिलं लग्न. दाखवा. साचा आहे म्हणून नाही, वाचकाने वीस प्रकरणं वाट पाहिली आहे म्हणून. पण व्रतं, अंगठ्या, फुलं, गाणी यात दोन पानं घालवू नका. ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. विधी संपल्यावर पाळक नोंदवही उघडतात तिथून सुरू करा. नवरा-नवरीच्या सह्या होतात. साक्षीदार दोन लागतात. पहिली सही त्याच्याकडून कुणीतरी करतं. मग पाळक विचारतात, मुलीकडून कोण? सरोजचे आईवडील नाहीत. क्षणभर कुणी हलत नाही. मागून म्हातारी उठते, चष्मा घरी राहिलाय म्हणून पोराला जवळ बोलावते, आणि वहीवर वाकून विचारते, ‘बोट ठेव रे, साक्षीदाराचा रकाना कुठला?’